आधी मैदान मोजा, गोळे नंतर आणा: सूर्यमालेची एकाच मापातली प्रतिकृती

डिसेंबर लागला की शाळांची विज्ञान प्रदर्शनं जवळ येतात आणि कुणी ना कुणी पालक नागपूरच्या बर्डी बाजारातून थर्माकोलच्या गोळ्यांची पिशवी घेऊन माझ्या दारात उभे राहतात. "सर, गोळे आणलेत. आता फक्त अंतरं सांगा." त्यांना कसं सांगायचं, की गोळे आणले तिथेच चुकलं!

त्या पिशवीतला सगळ्यात लहान गोळा इंचभराचा असतो. त्याला पृथ्वी म्हटलं, तर सूर्य नऊ फुटांचा हवा आणि तो जवळपास ३०० मीटर लांब हवा. नेपच्यून सूर्यापासून नऊ किलोमीटरवर जातो. प्रदर्शनात मिळतं चार फुटांचं टेबल. मग सूर्य सहा इंचांचा होतो, गुरू पृथ्वीच्या दुप्पट होतो, आणि सगळे ग्रह तारेला लटकून वीतभर अंतरावर फिरू लागतात. मुलाच्या डोक्यात तेच चित्र पक्कं बसतं.

खाली दिलेली पद्धत मी बऱ्याच शाळांच्या मैदानांवर केली आहे, आणि प्रत्येक टप्प्यावर स्वतः चुकूनही झालं आहे. हिच्यात ग्रहांचे आकार आणि त्यांची अंतरं एकाच मापात बसतात. टप्प्यांचा क्रम मात्र बदलू नका.

## टप्पा १: जागा ठरवा

तुम्हाला ४५० मीटरची सरळ, मोकळी पट्टी लागेल. कुठलंही साहित्य विकत घेण्याआधी फोनवरच्या नकाशात अंतर मोजायची सोय वापरून तेवढी जागा मिळते का ते बघा.

शहरातल्या शाळांची मैदानं सहसा एवढी लांब नसतात. अशा वेळी लेआउटमधला, म्हणजे वसाहतीतला, एखादा सरळ, कमी वर्दळीचा रस्ता रविवारी सकाळी सात वाजता उत्तम. तलावाकाठचा सरळ पदपथही चालतो. कस्तुरचंद पार्कसारख्या मैदानात शनीपर्यंतचे ग्रह आरामात बसतात. कुठेही करा, पण ज्याची जागा असेल त्याची परवानगी आधी घ्या.

जागा कमी पडली, तर मैदानाच्या टोकाला पोचून रेषा उलटी वळवायचा मोह होतो. ते करू नका. वळवलेल्या रेषेत नेपच्यून सूर्याच्या शेजारी येऊन बसतो आणि मुलं तेवढंच लक्षात ठेवतात. त्यापेक्षा शनीवर थांबा आणि उरलेले दोन ग्रह परिसराच्या नकाशावर दाखवा: "युरेनस त्या मेडिकलच्या दुकानापाशी, नेपच्यून बसस्टॉपवर." मुलांना हे जास्त आवडतं.

वेळेचं म्हणाल, तर थंडीत सकाळ कधीही चालेल. उन्हाळी शिबिरात करणार असाल तर आठच्या आत आटपा. नागपूरच्या मे महिन्यात कुणी नेपच्यूनपर्यंत चालत जाणार नाही, आणि पोरांना न्यायचंही नाही.

तपासा: सूर्याच्या जागी उभं राहिल्यावर पट्टीचं दुसरं टोक दिसतं का? मधे झाड, टपरी किंवा चढ असेल तर आठव्या टप्प्यातली सगळ्यात मजेची तपासणी करता येणार नाही.

## टप्पा २: माप एकच ठेवा

माप असं धरा: १ मीटर म्हणजे १ कोटी किलोमीटर.

म्हणजे १ सेंटिमीटरला १ लाख किलोमीटर आणि १ मिलिमीटरला १० हजार किलोमीटर. आपल्या लाख-कोटीच्या हिशोबात हे इतकं चपखल बसतं की कॅल्क्युलेटर लागत नाही. पृथ्वी सूर्यापासून सरासरी १४.९६ कोटी किलोमीटरवर आहे, म्हणजे प्रतिकृतीत १४.९६ मीटर. चंद्र पृथ्वीपासून ३.८४ लाख किलोमीटरवर, म्हणजे ३.८४ सेंटिमीटर. फक्त एकक बदलायचं.

पोरं इथे कुरकुर करतात. "सर, पृथ्वी तं दिसूनच नाही राहिली!" एका सातवीतल्या मुलीने मला असंच म्हटलं होतं. पृथ्वी सव्वा मिलिमीटरची होते, हे खरंच आहे. ती दिसावी म्हणून नुसते ग्रह मोठे केलेत, की अंतराचं माप वेगळं झालं आणि सगळी मेहनत वाया गेली.

पृथ्वी मोठी हवीच असेल तर सगळंच दहापट करा: १ मीटरला १० लाख किलोमीटर. मग पृथ्वी गोटीएवढी आणि सूर्य १ मीटर ३९ सेंटिमीटरचा. सूर्य नागपूरच्या झिरो माईलच्या स्तंभापाशी ठेवलात, तर सरळ रेषेत पावणेतीन किलोमीटरच्या आसपास असलेली दीक्षाभूमी साधारण युरेनसच्या अंतरावर येते आणि नेपच्यून साडेचार किलोमीटरवर, म्हणजे फुटाळ्याच्या बाजूला मोजलं तर तलावाच्या परिसरात. सायकल फेरीसाठी हे झकास आहे. पहिल्याच वेळी करत असाल तर मात्र लहान मापच घ्या.

## टप्पा ३: आकडे एका कागदावर उतरवा

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यात होतात, म्हणून इथे घाई नको.

पहिली चूक मिलियनची. इंटरनेटवर अंतरं मिलियन किलोमीटरमध्ये दिलेली असतात. १ मिलियन म्हणजे १० लाख आणि १० मिलियन म्हणजे १ कोटी. १४९.६ मिलियनचे १४.९६ कोटी होतात. मुलं हमखास १४९.६ कोटी लिहितात आणि पृथ्वी शनीच्याही पुढे जाऊन बसते. युक्ती सोपी आहे: मिलियनच्या आकड्यात दशांशचिन्ह एक घर डावीकडे सरकवा, की कोटी झाले.

दुसरी चूक त्रिज्या आणि व्यासाची. एका ठिकाणी पृथ्वीचे ६,३७१ किमी दिसतात, दुसऱ्या ठिकाणी १२,७५६. दोन्ही बरोबरच आहेत. पहिली सरासरी त्रिज्या, दुसरा विषुववृत्तावरचा व्यास. मात्र एका ग्रहाची त्रिज्या आणि दुसऱ्याचा व्यास घेतला, की गुरू निम्मा होतो. आपण सगळीकडे व्यासच घेणार आहोत.

तिसरी चूक "किती पट मोठा" या शब्दांनी होते. गुरूच्या पोटात १,३०० पृथ्व्या मावतील हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. ते आकारमानाबद्दल आहे. व्यासाने गुरू पृथ्वीच्या फक्त ११ पट आहे आणि वस्तुमानाने ३१८ पट. प्रतिकृतीला व्यास लागतो, म्हणून ११ पट.

आता हे उतरवून घ्या. आधी खरा व्यास, मग प्रतिकृतीतला व्यास, शेवटी सूर्यापासूनचं अंतर.

- सूर्य: १३.९ लाख किमी, १३.९ सेंमी
- बुध: ४,८७९ किमी, ०.५ मिमी, ५.८ मीटर
- शुक्र: १२,१०४ किमी, १.२ मिमी, १०.८ मीटर
- पृथ्वी: १२,७५६ किमी, १.३ मिमी, १५ मीटर
- मंगळ: ६,७९२ किमी, ०.७ मिमी, २२.८ मीटर
- गुरू: १,४२,९८४ किमी, १४.३ मिमी, ७७.८ मीटर
- शनी: १,२०,५३६ किमी, १२ मिमी, १४३ मीटर
- युरेनस: ५१,११८ किमी, ५.१ मिमी, २८७ मीटर
- नेपच्यून: ४९,५२८ किमी, ५ मिमी, ४५० मीटर

घरातल्या जुन्या पुस्तकात युरेनस सापडला नाही तर हर्शल किंवा प्रजापती या नावाने शोधा. नेपच्यूनला वरुण म्हटलेलं असेल.

प्लूटोवरून वाद होणारच. २००६ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने त्याला बटुग्रह ठरवलं, तेव्हा ग्रह आठच लावा. ठेवायचाच असेल तर सरासरी अंतर ५९० मीटर आणि व्यास पाव मिलिमीटरपेक्षाही किंचित कमी. मी ठेवत नाही. कुणी विचारलंच तर नेपच्यूनपलीकडे हात करून "आणखी दीडशे पावलं" म्हणतो.

तपासा: शनीचं अंतर दुप्पट केलं की साधारण युरेनसचं यायला हवं. पृथ्वीचं अंतर तिसाने गुणलं की नेपच्यूनचं. नाही आलं तर मिलियनमध्ये घोळ आहे.

## टप्पा ४: आता वस्तू शोधा, त्याही किराण्याच्या डब्यात

सूर्य: पिवळ्या कार्डशीटची चकती, सीडीपेक्षा थोडी मोठी. इथे कंपासचा सापळा आहे. कंपास त्रिज्येवर उघडतो, म्हणून तो ६.९५ सेंटिमीटरवर ठेवायचा. १३.९ वर उघडलात तर सूर्य दुप्पट होईल. संत्र्याच्या गावात सूर्य म्हणून संत्रं ठेवावं असं प्रत्येकाला वाटतं, पण संत्रं साधारण सात सेंटिमीटरचं, म्हणजे निम्मं भरतं. ठेवायचंच असेल तर सगळी मापं निम्मी करा. मग नेपच्यूनही २२५ मीटरवर येतो, म्हणजे लहान मैदानाची सोय होते. पण पृथ्वी ०.६ मिलिमीटरची उरते आणि ती चिकटवताना श्वास रोखून धरावा लागतो.

गुरू: गोटी, आपल्याकडची पोरं जिला कंचा म्हणतात ती. पट्टीवर मोजून १४ मिलिमीटरच्या आसपासची निवडा. मोठा कंचा चालणार नाही.

शनी: १२ मिलिमीटरचा मणी. भिजवलेला काबुली चणा मी एकदा वापरला होता. दुपारपर्यंत तो सुरकुतला.

युरेनस आणि नेपच्यून: काळी मिरी. डब्यातले दाणे लहानमोठे असतात, त्यातले ५ मिलिमीटरचे दोन निवडा.

शुक्र आणि पृथ्वी: राजगिरा. मोहरी घेऊ नका. आपल्या फोडणीतली मोहरी बहुतेक वेळा दीड-दोन मिलिमीटरची असते.

मंगळ: खसखशीचा लहानातला लहान दाणा.

बुध: बारीक रव्याचा कण, नाहीतर जेल पेनचा ठिपका.

एवढासा दाणा मोजायचा कसा? एकेक मोजूच नका. दहा दाणे पट्टीच्या कडेला एकमेकांना चिकटून रांगेत लावा आणि जी लांबी येईल तिला दहाने भागा. दहा राजगिरे १२-१३ मिलिमीटर भरले की काम झालं. १५ भरले तर दाणे चाळून बारीक निवडा.

थांबा: काही घरांत मुलाला ग्रह "रंगीत" हवे म्हणून दाण्यांना पोस्टर कलर लावतात. रंगाच्या थराने सव्वा मिलिमीटरचा दाणा दोन मिलिमीटरचा होतो. रंग दाण्याला लावायचा नाही. ग्रहाच्या कार्डवर (ते सहाव्या टप्प्यात करायचं आहे) बाजूला त्याचं मोठं चित्र काढा आणि त्याखाली ठळक लिहा: "हे चित्र मापात नाही."

## टप्पा ५: चंद्र

बहुतेक प्रदर्शनांत चंद्र गाळलेलेच असतात, किंवा मग गुरूभोवती मूठभर मणी उधळलेले असतात. या मापात मोठे चंद्र नीट बसतात, फक्त एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: चंद्राचं अंतर त्याच्या ग्रहाच्या केंद्रापासून मोजायचं, सूर्यापासून नाही. ते लाखांत असतं, म्हणून इथे सेंटिमीटर वापरायचे.

*पृथ्वी.* राजगिऱ्याच्या मधोमध पट्टी लावा आणि ३.८ सेंटिमीटरवर बारीक पेनने ठिपका द्या. तो ०.३५ मिलिमीटरचा हवा. पुस्तकातल्या चित्रात चंद्र पृथ्वीला खेटून असतो. खरं तर मधे तीस पृथ्व्या ओळीने मावतात. पोरांना आधी विचारा, "चंद्र किती लांब ठेवू?" माझ्या अनुभवात बहुतेकांचं बोट एक सेंटिमीटरच्या आत पडतं.

*मंगळ.* फोबॉस आणि डायमॉस. पहिला मंगळाच्या केंद्रापासून ०.९ मिलिमीटरवर, दुसरा २.३ मिलिमीटरवर. दोन्ही इतके लहान आहेत (फोबॉस जेमतेम २२ किलोमीटरचा) की मापात दाखवणं अशक्य. नुसतं लिहा. ठिपका काढू नका, कारण कुठलाही ठिपका शेकडो पट मोठा होईल.

*गुरू.* इथे वेळ घाला, हा सगळ्यात देखणा भाग आहे. २० सेंटिमीटरची काळी पट्टी कापा, एका टोकाला गोटी बसवा आणि गोटीच्या केंद्रापासून ठिपके द्या: आयो ४.२ सेंटिमीटरवर, युरोपा ६.७, गॅनिमीड १०.७ आणि कॅलिस्टो १८.८. आयो आणि युरोपाचे ठिपके आपल्या चंद्राएवढे. गॅनिमीडचा ०.५३ मिलिमीटर, म्हणजे तिकडे पहिल्या कार्डवर बसलेल्या बुधापेक्षा किंचित मोठा. हे मुलांना शेजारी शेजारी धरून दाखवा. मात्र "बुधापेक्षा मोठा" म्हणजे "बुधापेक्षा जड" असं लिहू नका. गॅनिमीडचं वस्तुमान बुधाच्या निम्म्याहूनही कमी आहे.

कार्डवर त्यांचे प्रदक्षिणेचे काळही लिहा. आयो पावणेदोन दिवसांत गुरूभोवती फिरतो, युरोपा साडेतीन दिवसांत, गॅनिमीड सव्वासात दिवसांत. पहिल्या तिघांचं हे गणित जवळपास एकाला दोन, दोनाला चार असं बसतं. कॅलिस्टोला १६.७ दिवस लागतात आणि तो या तालात नाही.

*शनी.* कडी कागदाची. बाहेरचा व्यास २.७ सेंटिमीटर, आतला १.८. कड्यांची जाडी मापात आणायच्या फंदात पडू नका. ती इतकी पातळ आहेत की या मापात साधा कागदही हजारो पट जाड होतो. टायटन १२.२ सेंटिमीटरवर, ठिपका ०.५ मिलिमीटर. कडी शनीलाच असतात असं कार्डवर लिहून मोकळे होऊ नका. गुरू, युरेनस आणि नेपच्यूनलाही ती आहेत, फक्त फिकी.

*युरेनस.* सगळ्यात मोठा चंद्र टायटानिया, ४.४ सेंटिमीटरवर, ठिपका जेमतेम.

*नेपच्यून.* ट्रायटन ३.५ सेंटिमीटरवर. हा ग्रहाच्या फिरण्याच्या उलट दिशेने प्रदक्षिणा घालतो, तेव्हा कार्डवर बाण उलटा काढा.

*बुध आणि शुक्र.* एकही चंद्र नाही. जागा रिकामी वाटते म्हणून ठिपका देणारे महाभाग मी पाहिले आहेत.

तपासा, चंद्रांची संख्या: हा आकडा शिळा होतो. शनीचे चंद्र मार्च २०२५ मध्ये एका दमात १२८ ने वाढले आणि २७४ झाले. गुरूचे २०२३ मध्ये ९५ होते, नंतर त्यात भर पडली. नेपच्यूनचे २०२४ पासून १६ आहेत. युरेनसचे २८ मोजून होतात न होतात, तोच २०२५ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीला आणखी एक दिसला. म्हणून कार्डवर नुसतं "२७४ चंद्र" असं लिहायचं नाही, "२७४ (मार्च २०२५)" असं लिहायचं. साल लिहिलेलं असलं, की परीक्षकांच्या हातातलं जुनं पुस्तक काहीही म्हणो, मुलाला उत्तर देता येतं.

## टप्पा ६: कार्डं

काळ्या कार्डशीटचे पोस्टकार्डापेक्षा थोडे मोठे तुकडे घ्या. टूथपिकच्या टोकावर फेविकॉलचा कणभर थेंब घेऊन दाणा चिकटवा आणि त्याभोवती पांढऱ्या पेनने रुपयाएवढं वर्तुळ काढा. वर्तुळ नसेल तर लोकांना ग्रह सापडतच नाही.

मजकूर चार ओळींचा पुरे. त्यात दोन ठिकाणी हमखास पाय घसरतो. एक, बुधाचा "दिवस". स्वतःभोवतीची एक फेरी ५८.६ दिवसांची, पण एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत पृथ्वीचे १७६ दिवस जातात. दोन्हींपैकी कुठला लिहिताय ते स्पष्ट करा. दोन, सर्वात तप्त ग्रह बुध नाही, शुक्र आहे. त्याच्या दाट कार्बन डायऑक्साइडच्या वातावरणामुळे पृष्ठभाग ४६० अंश सेल्सियसच्या वर असतो, दिवसा आणि रात्रीही.

कार्ड उभं करायला काठ्या जमिनीत रोवायच्या भानगडीत पडू नका. वाळलेली काळी माती हातोड्यालाही दाद देत नाही. दोन विटांच्या फटीत कार्ड उभं राहतं, नाहीतर वाळू भरलेल्या पाण्याच्या बाटलीला रबरबँडने बांधा.

## टप्पा ७: अंतरं आखणं

लागतं काय? ३० मीटरची फायबर टेप, फक्की आणि दोन माणसं. सुतळी ताणली जाते, तिच्यावर विसंबू नका.

मंगळापर्यंत, म्हणजे पहिले २२.८ मीटर, फक्त टेपनेच मोजा. टेपचं शून्य सूर्याच्या खाली ठेवा आणि ती न हलवता ५.८, १०.८, १५ आणि २२.८ वर फक्कीची खूण करा.

माझी सगळ्यात मोठी फजिती इथलीच. एका शाळेत मी मुलांना यादी दिली आणि चहाला गेलो. त्यांनी प्रत्येक अंतर *मागच्या ग्रहापासून* मोजलं. शुक्र १६.६ मीटरवर, पृथ्वी ३१.६ वर, असं करत करत नेपच्यून धरायला निघालेली पोरं फाटकाबाहेर किलोमीटरभर लांब गेली होती. चूक त्यांची नव्हती. मी यादीत "सूर्यापासून" हा शब्दच लिहिला नव्हता. आता मी दोन्ही आकडे देतो. मागच्या ग्रहापासून मोजायचं तर: बुध ५.८, मग ५, मग ४.२, मग ७.८, मग गुरूपर्यंत ५५, शनीपर्यंत ६५, युरेनसपर्यंत १४४, नेपच्यूनपर्यंत १६३ मीटर.

गुरूच्या पुढे टेप पुन्हा पुन्हा सरकवावी लागते आणि दर वेळी थोडी चूक साचते. त्यावर सायकल हा स्वस्त उपाय. पुढच्या चाकाला खडूची खूण करा, एक फेरी टेपने मोजा (साधारण दोन मीटर भरते, पण मोजाच) आणि फेऱ्या मोजत सायकल ढकलत न्या. दर पन्नास फेऱ्यांना एकाने मोठ्याने ओरडायचं. फोनचं जीपीएस युरेनस-नेपच्यूनला चालतं. बुध-शुक्राला नाही, कारण त्याची चूकच काही मीटरची असते.

मंगळ आणि गुरूच्या मधे लघुग्रहांचा पट्टा, ३१ ते ४९ मीटर. इथे गिट्टी पसरायची नाही! सगळे लघुग्रह मिळूनही वस्तुमान आपल्या चंद्राच्या पाच टक्क्यांच्या आत. पट्ट्यातल्या सगळ्यात मोठ्या सेरेससाठी एक कोरं कार्ड ४१ मीटरवर ठेवा आणि लिहा: "सेरेस इथे आहे. ०.०९ मिमी. दिसणार नाही."

थांबा: एक पाटी सूर्यापाशी लावा: "ग्रह असे एका रांगेत कधीच उभे नसतात. चालायला सोपं जावं म्हणून रांग केली आहे." ही पाटी नसेल तर दहातली आठ मुलं रांगच घरी घेऊन जातात.

## टप्पा ८: मापं बरोबर आहेत का?

पृथ्वीच्या कार्डापाशी उभे राहा आणि सूर्याच्या चकतीकडे बघा. माप बरोबर असेल, तर ती आकाशातल्या खऱ्या सूर्याएवढीच दिसली पाहिजे. खऱ्या सूर्याकडे मात्र बघायचं नाही, एक सेकंदही नाही. त्याची गरजही नाही. आकाशातला पूर्ण चंद्र जवळपास सूर्याएवढाच दिसतो, म्हणून कार्यक्रम पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ठेवा. पश्चिमेला मावळता चंद्र असतो. हात ताठ करून करंगळी धरा. चंद्र तिच्या निम्म्या रुंदीत झाकला जातो, आणि १५ मीटरवरची चकतीही तेवढ्यातच झाकली गेली पाहिजे. चकती करंगळीएवढी रुंद दिसली, तर कंपास १३.९ वर उघडला होता हे समजा.

मग गुरूपाशी जा. तिथून सूर्य पाचपट लहान. नेपच्यूनपाशी तीसपट लहान, आणि ४५० मीटरवरून चौदा सेंटिमीटरची चकती डोळ्याला जेमतेम जाणवते. चष्मा विसरलेल्यांना नाहीच. मुलं इथे आपोआप गप्प होतात.

## टप्पा ९: दाखवताना

प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर, म्हणजे या मापात सेकंदाला ३ सेंटिमीटर. एका शांत स्वभावाच्या मुलाला "प्रकाश" करा. त्याने पावलाला पाऊल चिकटवून चालायचं. पाऊल २१ सेंटिमीटरचं असेल तर दर सात सेकंदांनी एक पाऊल. कार्यक्रम सुरू होताना तो सूर्यापासून निघतो आणि ८ मिनिटं २० सेकंदांनी पृथ्वीला पोचतो. गुरूला ४३ मिनिटं. नेपच्यूनला चार तास दहा मिनिटं लागतील, तेव्हा त्याला मंगळावर थांबवून पोहे द्या.

"सर, पुढचा तारा कुठे?" हा प्रश्न येतोच. आपल्याला सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षांवर. या मापात चार हजार किलोमीटर. आपला देश उत्तर-दक्षिण ३,२१४ किलोमीटर लांब आहे.

मैदान मिळालंच नाही, तर जुनी पाचवारी साडी घ्या. १ सेंटिमीटरला १ कोटी किलोमीटर धरा, सूर्य एका टोकाला. पृथ्वी १५ सेंटिमीटरवर, गुरू ७८ वर, नेपच्यून साडेचार मीटरवर, पदराच्या जवळ. या मापात सूर्यच दीड मिलिमीटरचा होतो, तेव्हा ग्रह दाखवायचे नाहीत, फक्त जागा दाखवायच्या. प्लूटोला नऊवारी लागेल.

आणि खिशात राजगिऱ्याची पुडी ठेवा. मागच्या वर्षी ऐन प्रदर्शनात पृथ्वीचं वर्तुळ रिकामं सापडलं. शोधाशोध केली तेव्हा विटेच्या कडेने एक मुंगी ती घेऊन शुक्राकडे निघालेली दिसली, साधारण प्रकाशाच्याच वेगाने.